निरगाठ

ट्रकमधून जाळं उतरवलं तेव्हा आधी वास उतरला.
ब्रेइशोने मफलर नाकावर ओढला.
शिकलेला मुलगा आहे, मंगळवार-शुक्रवार व्हिगोहून येतो,
सोबत मुठीएवढं यंत्र. दोऱ्याला टेकवलं की ते सांगतं
हे नायलॉन, हे पॉलिथिन, हे कशातच न बसणारं.
मी काडी ओढते.
नायलॉन जळताना सेलरीचा वास येतो,
पॉलिथिनला नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा.
अजून एकदाही यंत्राचं आणि माझं भांडण झालं नाही.

चाळीस वर्षं या धक्क्यावर जाळी सांधली,
बुटक्या खुर्चीत, पाय लांब करून,
अंगठ्यात जाळं ताणून धरत.
आता सोडवते. किलोवर पैसे मिळतात.
ओलं जाळं जड भरतं, म्हणजे थोडा समुद्रही विकतो आपण,
असं ओब्दुलिया म्हणते आणि एकटीच हसते.

शिसं एका बादलीत, तरंगे दुसऱ्या.
शिंपले खरवडायचे. हाडं वेगळी.

हे जाळं पाणबुड्यांना चाळीस मीटर खाली सापडलं,
एका बुडालेल्या बोटीच्या डोलकाठीला धरून
ताठ उभं होतं म्हणे, भिंतीसारखं.
मासा अडकायचा, त्याला खायला खेकडा यायचा,
खेकडा अडकायचा, मग त्याच्यासाठी आणखी कोणी.
मासेमारी संपली
हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

अकराच्या सुमारास माझी बोटं थांबली.
डोळ्यांना नंतर कळलं.

मी डावखुरी. शाळेत नन्सनी हात पाठीशी बांधला,
तरी डावखुरीच राहिले.
माझी गाठ उलटी वळते
आणि जाता जाता एक जास्तीचा वेढा घेते.
या किनाऱ्यावर तशी दुसरं कोणी मारत नाही.

तशी गाठ.
तिच्या शेजारी आणखी एक.
हातभर जागेत सतरा.

अमारोचं जाळं. नऊ वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी,
तीन दिवस वादळ, आणि परत आल्यावर तो म्हणाला, विकून टाकलं.
दंडाला घाबरला असेल.
सांधायचे अर्धे पैसे त्याच्याकडून अजून यायचेत.

"नऊ वर्षं टिकली?" ब्रेइशो वाकून बघत म्हणाला,
"कमाल काम आहे, बाल्बिना."
चांगल्या मनाने बोलला पोरगा.

आई सांगायची, जाळं कुठेही फाटो,
तुझ्या गाठीत फाटता कामा नये.
नाही फाटलं, आई.
सतराव्या गाठीला लागून जे घर होतं,
त्यात पाणकावळ्याचा एक पाय होता,
बोटांमधला पडदा अजून शाबूत,
म्हणजे याच हिवाळ्यातला.
आयुष्यभरात गाठीशी काय जमवलं म्हणाल, तर हे.
एखादी तरी सुरगाठ पडली असती हातून,
घाईत, थंडीत, कोणाशी तरी बोलता बोलता.

सुरी घेतली. डाव्या हातात.
निरगाठ सुटत नाही, कापावीच लागते,
आणि कापली की तिच्यात काय होतं ते कळत नाही,
नुसता आखूड दोरा, दोन्ही टोकांना भुरभुरलेला.

"याचे दाणे होतील," ब्रेइशो म्हणाला,
"दाण्यांचा धागा. धाग्याचे गालिचे, बायकांचे लांब मोजे."
मी म्हटलं, मोजे करा. पण उसवतील असे करा.
त्याला ते विनोदी वाटलं.

एकच गाठ मी ॲप्रनच्या खिशात टाकली.
त्या दिवशीच्या वजनात तेवढी तूट.

संध्याकाळी बारमध्ये अमारो नेहमीच्या स्टुलावर होता,
म्हातारा झालाय, ऑलिव्हच्या बिया मुठीत साठवतो.
त्याच्या कपाशेजारी गाठ ठेवली.
बराच वेळ त्याने तिला हात लावला नाही.

"कुठे होतं?"

"कामावर," मी म्हटलं.

त्याने पाकीट काढलं.
मी नको म्हटलं नाही.